पायथन प्रकल्पातील डॉकस्ट्रिंग पूर्ण ठेवण्यासाठी साधनांची मांडणी

एखाद्या लायब्ररीचे दस्तऐवजीकरण ‘पूर्ण’ आहे असे म्हणताना आपण बहुधा तीन वेगळे प्रश्न एकात मिसळून टाकतो. प्रत्येक सार्वजनिक फंक्शन, क्लास आणि मॉड्यूल यांना डॉकस्ट्रिंग, म्हणजे कोडमध्येच त्यांच्या सुरुवातीला लिहिलेले वर्णन, आहे का, हा पहिला. ती डॉकस्ट्रिंग फंक्शनच्या आजच्या रूपाशी, म्हणजे त्याच्या पॅरामीटरांशी, रिटर्न व्हॅल्यूशी आणि त्यातून उठणाऱ्या एक्सेप्शनांशी जुळते का, हा दुसरा. आणि तिच्यात जे लिहिले आहे ते खरे आहे का, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र अचूक देते, दुसऱ्याचे बऱ्यापैकी देते, आणि तिसऱ्याचे फक्त उदाहरणे प्रत्यक्ष चालवून, तेही अंशतः, देऊ शकते. हा क्रम ध्यानात न घेता एखादे साधन घाईने बसवले, तर टक्केवारी शंभरावर पोहोचते आणि लायब्ररी वापरणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून पुढील मांडणी याच क्रमाने केली आहे. आज्ञा, फाइली आणि सेटिंगे यांची नावे उच्चारानुसार दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच मूळ रोमन अक्षरांत टंकावी लागतील.

उदाहरणासाठी एक छोटे फंक्शन डोळ्यांसमोर ठेवू. ते मुद्दल, व्याजदर आणि महिन्यांची संख्या घेते आणि कर्जाचा मासिक हप्ता परत देते. त्याची डॉकस्ट्रिंग ‘मासिक हप्ता काढते.’ एवढीच आहे. दर वार्षिक द्यायचा की मासिक, १२ असा द्यायचा की ०.१२ असा, आणि दर शून्य असेल तर काय होते, हे त्यात कोठेही नाही. पहिल्या प्रश्नाच्या कसोटीवर हे फंक्शन निर्दोष ठरते, हेच या विषयातील मुख्य दुखणे आहे.

व्याप्ती आधी ठरवा

कोणतेही साधन चालवण्यापूर्वी ‘सार्वजनिक’ म्हणजे काय, हे प्रकल्पापुरते लिहून ठेवावे. पायथनमध्ये यासाठी जुना आधार आहे. डेव्हिड गुडजर आणि गीदो व्हान रॉसम यांनी २००१ साली लिहिलेला पेप २५७ हा प्रस्ताव सांगतो की मॉड्यूलांना सर्वसाधारणपणे डॉकस्ट्रिंग असावी, आणि मॉड्यूल जी फंक्शने व क्लास बाहेर देते त्यांनाही ती असावी. ज्यांचे नाव अंडरस्कोरने सुरू होते ते खाजगी, हा संकेत बहुतेक साधने पाळतात. मॉड्यूलमध्ये ‘__ऑल__’ ही यादी लिहिली असेल तर बाहेर काय द्यायचे आहे याची ती स्पष्ट कबुलीच असते, त्यामुळे ज्या लायब्ररीत ही यादी नाही तेथे ती आधी लिहावी. हे काम दस्तऐवजीकरणाचे वाटत नाही, पण पुढे शंभर अनावश्यक तक्रारी यामुळेच टळतात.

दुसरा निर्णय क्लासबाबत घ्यावा लागतो. ‘__इनिट__’ (क्लासपासून नवी वस्तू बनताना चालणारी मेथड) मधील पॅरामीटरांचे वर्णन क्लासच्या डॉकस्ट्रिंगमध्ये लिहायचे की त्या मेथडच्या स्वतःच्या डॉकस्ट्रिंगमध्ये? दोन्ही रीती चालतात, पण दोन्ही एकाच प्रकल्पात चालत नाहीत, कारण साधने याच ठिकाणी एकमेकांच्या विरोधात जातात. ते पुढे येईलच. माझे मत क्लासच्या बाजूने आहे, कारण वापरणारा मदत वाचतो ती क्लासचे नाव देऊन.

चाचण्या, मायग्रेशनच्या फाइली आणि यंत्राने निर्माण केलेला कोड हे व्याप्तीच्या बाहेर ठेवावे. चाचणीच्या फंक्शनला डॉकस्ट्रिंगची सक्ती केली की लोक फंक्शनचेच नाव मोकळे शब्द करून पुन्हा लिहितात, आणि एकदा ही सवय लागली की ती मूळ कोडमध्येही उतरते.

पहिली मोजणी

सद्यःस्थिती समजून घेण्यासाठी ‘इंटरोगेट’ हे साधन सोयीचे आहे. ते कोड इम्पोर्ट न करता त्याचा केवळ वाक्यरचना-वृक्ष वाचते. त्यामुळे डेटाबेस, जड लायब्रऱ्या किंवा गुप्त किल्ल्या नसलेल्या यंत्रावरही ते काही क्षणांत चालते. पिपने ते बसवून मूळ कोडच्या फोल्डरवर चालवावे; ‘व्ही’ हा पर्याय दोनदा दिला तर फाइलनिहाय आणि वस्तूनिहाय (वस्तू म्हणजे फंक्शन, क्लास, मेथड किंवा मॉड्यूल) यादी दिसते. त्याची सेटिंगे ‘पायप्रोजेक्ट डॉट टॉमल’ या फाइलमध्ये त्याच्या नावाच्या विभागात लिहिता येतात. वर ठरवलेल्या व्याप्तीनुसार खाजगी, अर्धखाजगी (एका अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या) आणि जादुई (नावाच्या दोन्ही बाजूंना दुहेरी अंडरस्कोर असलेल्या) मेथड, तसेच फंक्शनच्या आतील फंक्शने वगळण्याचे पर्याय तेथे सुरू करावेत, कारण मुळात हे साधन सगळेच मोजते आणि पहिला आकडा विनाकारण वाईट दिसतो. क्लासच्या डॉकस्ट्रिंगची रीत निवडली असेल तर ‘इग्नोर इनिट मेथड’ हाही पर्याय घ्यावा.

‘फेल अंडर’ ही मर्यादा न सांगता ८० धरली जाते. पहिल्या वेळी ती शून्य ठेवावी आणि आकड्याकडे न पाहता यादीकडे पाहावे. कोणत्या फाइलीत उणीव जास्त आहे, आणि त्यांपैकी कोणत्या फाइली बाहेरचे लोक खरोखर वापरतात, हे दोन प्रश्न त्या यादीला विचारले की कामाचा क्रम आपोआप ठरतो.

टक्केवारी हे पहारेकऱ्याचे काम नीट करू शकत नाही, हे एका साध्या हिशेबाने दिसते. प्रकल्पात ४०० वस्तू आहेत आणि ३२० ना डॉकस्ट्रिंग आहे, म्हणजे ८० टक्के. नव्या बदलात ४० वस्तू आल्या आणि त्यांपैकी ३२ नाच डॉकस्ट्रिंग आहे. आता ४४० पैकी ३५२, म्हणजे पुन्हा बरोबर ८० टक्के. तपासणी हिरवी राहिली, आणि आठ नव्या उणिवा आत आल्या. उलट बाजूने, उत्तम दस्तऐवजीकरण असलेले एखादे जुने मॉड्यूल काढून टाकले तर आकडा घसरतो आणि ज्याने साफसफाई केली त्याचीच पुल रिक्वेस्ट (बदल मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती) अडते. म्हणून इंटरोगेट महिन्या-दोन महिन्यांनी आढावा घेण्यासाठी ठेवावे आणि दारावर उभे राहण्याचे काम दुसऱ्याला द्यावे. रीडमीमध्ये टक्केवारीचे चिन्ह लावण्याची सोय त्यात आहे. ती वापरण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

प्रत्येक वस्तूसाठी नियम

दारावरचा पहारा ‘रफ’ या लिंटरकडे, म्हणजे कोड न चालवता त्यातील नियमभंग दाखवणाऱ्या साधनाकडे, द्यावा. पूर्वी हे काम ‘पायडॉकस्टाइल’ करत असे, पण त्याच्या मेंटेनरांनीच ते थांबवून लोकांना रफकडे वळवले आहे, आणि त्याचे ‘डी’ अक्षराचे नियम रफमध्ये त्याच क्रमांकांनी आले आहेत. उणिवांशी संबंधित नियम ‘डी१’ या उपसर्गाखाली येतात: डी१०० मॉड्यूलसाठी, डी१०१ क्लाससाठी, डी१०२ मेथडसाठी, डी१०३ फंक्शनसाठी, डी१०४ पॅकेजसाठी, डी१०५ जादुई मेथडसाठी, डी१०६ आतील क्लाससाठी आणि डी१०७ ‘__इनिट__’साठी.

येथे एक सल्ला आवर्जून द्यावासा वाटतो. सगळे ‘डी’ कुटुंब एकदम निवडू नये. तसे केले की मोकळी ओळ कोठे सोडावी, पहिली ओळ अवतरणाच्या शेजारी हवी की खाली, अशा शैलीच्या शेकडो तक्रारी येतात आणि ज्या चाळीस ठिकाणी डॉकस्ट्रिंगच नाही ती ठिकाणे त्या गर्दीत हरवतात. आधी ‘डी१’ मधील डी१०५ आणि डी१०७ सोडून बाकीचे नियम आणि त्यांच्या जोडीला डी४१७ (वर्णन नसलेले पॅरामीटर दाखवणारा नियम) एवढेच घ्यावेत. शैलीचे नियम उणिवा भरून झाल्यावर आणावेत आणि त्यांतले जे आपोआप दुरुस्त होतात ते रफलाच करू द्यावेत. ‘कन्व्हेन्शन’ या सेटिंगमध्ये गूगल, नमपाय किंवा पेप २५७ यांपैकी एक रीत निवडता येते. गूगलची रीत डोळ्यांनी वाचायला सोपी आहे आणि डी४१७ तिच्यासोबतच उपयोगी पडतो, म्हणून पुढे तीच गृहीत धरली आहे. चाचण्यांच्या फोल्डरसाठी ‘पर फाइल इग्नोर्स’ या विभागात सगळा ‘डी’ बंद करावा. मूळ क्लासच्या मेथडवर नवी मेथड लिहिताना ‘ओव्हरराइड’ हा डेकोरेटर लावला, तर डी१०२ त्या मेथडकडे डॉकस्ट्रिंग मागत नाही, कारण तिचे वर्णन मूळ ठिकाणी असतेच.

मराठीत डॉकस्ट्रिंग लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट जाता जाता: पायथन ३ मध्ये सोर्स फाइल न सांगता यूटीएफ-८ धरली जाते, त्यामुळे देवनागरी डॉकस्ट्रिंगला अडचण येत नाही, आणि पहिल्या ओळीच्या शेवटी विरामचिन्ह मागणारा नियमही आपल्या टिंबाच्या पूर्णविरामावर समाधानी असतो. दंड वापरणाऱ्या हिंदी लेखकांना मात्र तो नियम बंद करावा लागेल.

जुन्या प्रकल्पात हे नियम लावले की पहिल्याच दिवशी शेकडो चुका निघतात. त्या सगळ्या एका आठवड्यात भरायला घेणे हा निकृष्ट डॉकस्ट्रिंग मिळवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. त्याऐवजी रफला ‘ॲड नोक्यूए’ हा पर्याय देऊन चालवावे. तो आजच्या प्रत्येक उणिवेच्या ओळीवर, नियमाच्या क्रमांकासह, दुर्लक्षाची टिप्पणी लिहितो. त्यानंतर जुन्या उणिवा गप्प राहतात, पण नवी एकही उणीव आत येत नाही. याच्या जोडीला आरयूएफ१०० हा नियम सुरू ठेवणे अत्यंत महत्त्वाचे आहे. कोणी जुन्या फंक्शनला डॉकस्ट्रिंग लिहिली आणि दुर्लक्षाची टिप्पणी तशीच राहिली, तर हा नियम ती निरुपयोगी टिप्पणी दाखवून काढायला लावतो. अशा रीतीने उणिवांची यादी फक्त कमीच होऊ शकते, आणि कोडमध्ये त्या टिप्पण्या शोधल्या की शिल्लक काम नेमके किती व कोठे आहे, हे कोणत्याही तक्त्याविना कळते.

सिग्नेचरशी जुळणी

आता दुसरा प्रश्न. फंक्शनला नवा पॅरामीटर जोडला गेला, पण डॉकस्ट्रिंग जुनीच राहिली, ही दस्तऐवजीकरणातील बहुधा सर्वांत नित्याची तूट आहे. डी४१७ हा नियम वर्णन नसलेले पॅरामीटर दाखवतो, पण त्याची एक मर्यादा अनेकांच्या लक्षात येत नाही: डॉकस्ट्रिंगमध्ये ‘आर्ग्ज’ हा पॅरामीटरांच्या वर्णनाचा विभाग असेल तरच तो बोलतो. विभागच नसेल तर तो मुकाट राहतो. आपले ‘मासिक हप्ता काढते.’ हे वाक्य त्यामुळे येथूनही सहीसलामत सुटते.

ही फट ‘पायडॉकलिंट’ भरून काढते. ते सिग्नेचर (फंक्शनचे नाव आणि पॅरामीटर सांगणारी ओळ) आणि डॉकस्ट्रिंग शेजारी ठेवून तपासते: पॅरामीटरांची नावे आणि क्रम, रिटर्न व्हॅल्यूचा विभाग, आणि ‘रेझ’ विधाने असताना त्यांचे वर्णन आहे का. याच कामासाठी पूर्वी वापरले जाणारे ‘डार्गलिंट’ आता सांभाळले जात नाही, त्यामुळे नव्या प्रकल्पात ते घेऊ नये. पायडॉकलिंटची तीन सेटिंगे पहिल्याच दिवशी पाहावीत.

पहिले म्हणजे शैली. ती न सांगता नमपाय धरली जाते, म्हणून गूगल असे स्पष्ट लिहावे. दुसरे, फक्त सारांश असलेल्या आखूड डॉकस्ट्रिंगा ते मूळ सेटिंगनुसार तपासतच नाही. ही सवलत सुरुवातीला ठीक आहे, पण ती कायम ठेवली तर आपले हप्त्याचे फंक्शन तिसऱ्यांदा सुटते. म्हणून सार्वजनिक मॉड्यूलांसाठी तरी ती बंद करावी. तिसरे, टाइप हिंट (पॅरामीटर कोणत्या प्रकारचा आहे हे सांगणाऱ्या खुणा) डॉकस्ट्रिंगमध्येही पुन्हा लिहिलेल्या असाव्यात अशी त्याची अपेक्षा असते. सिग्नेचरमध्ये टाइप लिहिलेले असताना तेच पुन्हा लिहिणे म्हणजे चुकीची आणखी एक जागा तयार करणे होय, त्यामुळे ही अपेक्षा बंद करण्याच्या मी बाजूने आहे.

वर म्हटलेला विरोध येथे समोर येतो. रफचा डी१०७ म्हणतो की ‘__इनिट__’ला डॉकस्ट्रिंग हवी, पायडॉकलिंट मूळ सेटिंगनुसार म्हणते की ती नको, क्लासच्या डॉकस्ट्रिंगमध्येच सगळे लिहा. गूगलची रीत निवडल्याने डी१०७ बंद होत नाही. तो हाताने बंद केला नाही तर एक साधन खुश केले की दुसरे रुसते, आणि नवख्या सहकाऱ्याचा अर्धा दिवस त्यात जातो. जुन्या उणिवांसाठी पायडॉकलिंटमध्ये आधाररेषेची, म्हणजे आजच्या उणिवांची नोंद असलेली, फाइल तयार करण्याची सोय आहे. ती फाइल रिपॉझिटरीत कमिट करावी आणि तिच्यात नवी नोंद वाढवणारी पुल रिक्वेस्ट सहसा स्वीकारू नये.

लिहिलेले खरे आहे का

जुळणी झाली तरी खरेपणा उरतोच. ‘दर: व्याजाचा दर.’ असे वर्णन वरील सर्व साधने आनंदाने स्वीकारतात. यावर हाताशी असलेला यांत्रिक उपाय म्हणजे ‘डॉकटेस्ट’. टिम पीटर्स यांचे हे मॉड्यूल २००१ च्या पायथन २.१ पासून भाषेसोबतच येते, तरी ते जितके वापरले जावे तितके वापरले जात नाही. डॉकस्ट्रिंगमध्ये तीन कोनांच्या चिन्हापुढे लिहिलेली ओळ ते चालवते आणि खाली दिलेल्या उत्तराशी ताडून पाहते. ‘पायटेस्ट’ वापरत असाल तर ‘डॉकटेस्ट मॉड्यूल्स’ हा पर्याय दिला की ही उदाहरणे इतर चाचण्यांसोबतच चालतात.

हप्त्याच्या फंक्शनला असे एक उदाहरण जोडू: मुद्दल १,००,०००, दर १२, महिने १२, आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत ८८८४.८८. या एका ओळीने तीन गोष्टी शब्दांविना सांगितल्या. दर वार्षिक आहे, तो टक्क्यांत द्यायचा आहे, आणि हप्ता दरमहा कमी होणाऱ्या शिलकीवरील व्याजाने काढला आहे. उद्या कोणी फंक्शन बदलून दर अपूर्णांकात घ्यायला सुरुवात केली, तर हे उदाहरण मोडेल आणि डॉकस्ट्रिंग सुधारल्याशिवाय बदल पुढे जाणार नाही. उदाहरण नसेल तर काय होते तेही पाहण्यासारखे आहे. आजच्या फंक्शनला कोणी १२ ऐवजी ०.१२ दिले तर कोणतीही चूक उठत नाही, सुमारे ८,३३८.७५ असे उत्तर येते, आणि ते दिसायला अगदी शहाणे असते. दुसरे उदाहरण शून्य दराचे लिहावे. नेहमीच्या सूत्रात शून्याला शून्याने भागावे लागते, त्यामुळे ते लिहायला घेताच फंक्शनने तेथे एक्सेप्शन द्यायचे की मुद्दल महिन्यांनी भागून टाकायचे, हा निर्णय घ्यावाच लागतो. दस्तऐवजीकरणातून कोडमधील दोष सापडण्याची ही नेहमीची वाट आहे.

डॉकटेस्ट उत्तराचा मजकूर अक्षरशः ताडते, त्यामुळे दशांश संख्या गोल करूनच दाखवाव्यात, सेट छापण्याआधी क्रमाने लावावेत, आणि मेमरीतील पत्ते किंवा वेळ यांसारखे बदलते भाग ‘एलिप्सिस’ची सूचना देऊन टिंबांनी झाकावेत. लांबलचक तयारी लागणारी उदाहरणे डॉकस्ट्रिंगमध्ये कोंबू नयेत; ती साध्या चाचण्यांमध्येच शोभतात.

संकेतस्थळावर ते पोहोचते का

डॉकस्ट्रिंग लिहिली, पण प्रकाशित पानांवर ती आलीच नाही, ही उणीव वरील कोणतेच साधन दाखवत नाही. डॉकस्ट्रिंगांवरून संकेतस्थळाची पाने बनवणारे ‘स्फिंक्स’ वापरणाऱ्या प्रकल्पांसाठी त्यातच ‘कव्हरेज’ नावाचे एक्स्टेन्शन आहे. ते कॉन्फिगरेशनमध्ये जोडून कव्हरेज बिल्डर चालवला की मॉड्यूलांतील कोणत्या वस्तू पानांवर नाहीत, याची यादी ‘पायथन डॉट टीएक्सटी’ या फाइलीत मिळते. हे केवळ अहवाल लिहिते, स्वतःहून बिल्ड अडवत नाही, हे लक्षात ठेवावे. रोजच्या बिल्डमध्ये मात्र ‘निटपिकी’ पर्याय सुरू करून इशाऱ्यांना एररचा दर्जा द्यावा, म्हणजे नाव बदललेल्या फंक्शनकडे बोट दाखवणारे तुटलेले दुवे लगेच सापडतात. स्फिंक्स इंटरोगेटप्रमाणे केवळ वाचत नाही, तर मॉड्यूल इम्पोर्ट करते, म्हणून जड लायब्रऱ्या ‘ऑटोडॉक मॉक इम्पोर्ट्स’मध्ये नोंदवाव्या लागतात.

कोणती तपासणी कोठे

रफ इतके वेगवान आहे की ते ‘प्री-कमिट’मध्ये, म्हणजे प्रत्येक कमिटच्या आधी, चालवता येते. पायडॉकलिंट, डॉकटेस्ट आणि स्फिंक्स सीआयवर (प्रत्येक बदलावर आपोआप तपासण्या चालवणाऱ्या व्यवस्थेवर), प्रत्येकी वेगळ्या नावाच्या कामात ठेवावेत, म्हणजे लाल खूण दिसताच काय मोडले ते लॉग न उघडता कळते. सर्व साधनांच्या आवृत्त्या नेमून ठेवाव्यात. लिंटरच्या नव्या आवृत्तीत नियम बदलतात, आणि ज्याने एक ओळ बदलली त्याच्यावर असंबंधित तक्रारींचा भार पडणे योग्य नाही.

भाषा मॉडेलांकडून उणिवा भरून घेण्याचा मोह आता साहजिक आहे. त्यांनी लिहिलेली डॉकस्ट्रिंग रचनेच्या सर्व तपासण्या पार करते, पण जी माहिती कोडमध्येच नाही, जसे की एकक, मर्यादा किंवा एखादा निर्णय का घेतला हे कारण, ती त्यांनाही कोडवरून कळत नाही. म्हणून अशा बदलाचा रिव्ह्यू करताना वाक्यरचना न पाहता ‘हे सिग्नेचर वाचून मला आधीच कळले होते का?’ एवढेच विचारावे, आणि उत्तर होकारार्थी असेल तर तो मजकूर परत पाठवावा.

प्रकल्पात इतर भाषांचा कोड असेल तर हीच पायरी तेथेही मिळते. रस्टमध्ये ‘मिसिंग डॉक्स’ हा लिंट क्रेटच्या (रस्टमधील पॅकेजच्या) सुरुवातीला सुरू करावा लागतो, आणि डॉक टिप्पण्यांमधील उदाहरणे ‘कार्गो टेस्ट’ आपसूक चालवते. जावामध्ये जेडीके ८ पासून आलेल्या ‘डॉकलिंट’चा ‘मिसिंग’ हा गट हे काम करतो. सी++ साठी डॉक्सिजन वापरत असाल तर ‘वॉर्न इफ अनडॉक्युमेंटेड’ सुरू असूनही एकही इशारा का येत नाही, असा प्रश्न पडू शकतो. अशा वेळी ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ हे सेटिंग पाहावे: ते ‘येस’ असेल तर डॉक्सिजन प्रत्येक वस्तू दस्तऐवजीकरण झालेली आहे असे धरून चालते आणि उणिवांचे इशारे बंद करते. ते ‘नो’ करावे, ‘वॉर्न नो पॅरामडॉक’ सुरू करावे, आणि जुन्या उणिवा आवाक्यात आल्यावर ‘वॉर्न ॲज एरर’ लावावे.